जुनं, खासगी, सहा मीटरचं मातीचं धरण: ओल, झाडं, सांडवा आणि उंची वाढवण्याचा प्रश्न

तुम्ही लिहिलेली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही घेतलेल्या जमिनीत ओढ्यावर एक जुनं मातीचं धरण आहे. उंची सुमारे 6 मीटर, लांबी 90 मीटर, पूर्ण भरलं की अंदाजे 50 हजार घनमीटर पाणी. नकाशे नाहीत, बांधणाऱ्याचा पत्ता नाही. पायथ्याशी एका जागी बारमाही ओल आहे. कोरड्या उतारावर मोठी झाडं आहेत. पोटातून एक लोखंडी नळ जातो, त्याची झडप खालच्या टोकाला असून ती गंजून अडकली आहे. सांडवा डाव्या काठाला, मातीतच खोदलेला, 5 मीटर रुंद, त्याचा उंबरठा माथ्याच्या 1.2 मीटर खाली, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यावर जाळी. एक किलोमीटर खाली रस्ता आणि काही घरं. तुम्ही विचारलंय की ती ओल धोक्याची आहे का, तिच्यावर सिमेंट किंवा चिकणमाती थापून ती बंद करावी का, आणि एकदा हे झालं की धरण मीटरभर उंच करता येईल का.

ओलीबद्दल सविस्तर बोलूच. पण तुमच्या वर्णनात मला पहिल्यांदा खटकली ती जाळी, मग तो नळ, आणि ओल तिसऱ्या क्रमांकावर. धरणमालकांना बहुतेक वेळा जे दिसतं त्याची काळजी वाटते, आणि ओल रोज दिसते. सांडवा मात्र दहा वर्षं कोरडा पडलेला असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. भरावात कोणती माती आहे, खाली खडक आहे की वाळूचा थर, पाणलोट क्षेत्र किती, पाऊस किती तीव्र पडतो, यावर बरंच काही अवलंबून आहे. यातलं काहीच मी दुरून पाहू शकत नाही. तेव्हा खालची आकडेमोड दिशा कळण्यापुरती धरा. बांधकामाचा निर्णय जागा पाहिलेल्या, मातीच्या धरणांचं काम केलेल्या अभियंत्याकडूनच घ्या. इमारतींचा अभियंता कितीही चांगला असला तरी हे काम वेगळं आहे.

आता धरणाच्या स्वभावाबद्दल. पाण्याच्या रेट्याने मातीचं धरण ढकललं जाऊन सरकलं, असं जवळजवळ होत नाही. तुमचंच घ्या. पाण्याकडचा उतार 1:2.5 (म्हणजे 1 मीटर उंचीला 2.5 मीटर आडवं अंतर), कोरडा उतार 1:2 आणि माथा 3 मीटर धरला तर तळाची रुंदी 30 मीटर येते. सहा मीटर पाण्यासमोर तीस मीटर रुंदीची माती बसलेली आहे, ताकदीची कमतरता नाही. (उतार मात्र खरंच मोजा. जुने खासगी बांध पुष्कळदा नुसती माती ढकलून केलेले असतात आणि कोरड्या बाजूला 1:1.5 इतके उभे निघतात.) प्रश्न असतो तो पाणी मातीचे कण उचलून नेऊ शकतं का, एवढाच. मोठ्या मातीच्या धरणांच्या जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर फुटलेल्यांपैकी जवळपास निम्मी माथ्यावरून पाणी सांडून फुटली आहेत, जवळपास तेवढीच आतून माती वाहून जाऊन, आणि उतार घसरून फुटलेली अगदी थोडी. लहान धरणांत पहिल्या कारणाचा वाटा कमी असण्याचं काहीच कारण नाही, कारण त्यांचे सांडवे बहुधा हिशेब न करता खोदलेले असतात.

म्हणून सांडव्यापासून सुरुवात करू. रुंद उंबरठ्यावरून किती पाणी जाईल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: 1.7 गुणिले रुंदी गुणिले उंबरठ्यावरच्या पाण्याच्या खोलीचा दीडावा घात. तुमच्या 5 मीटर सांडव्यावरून अर्धा मीटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला सुमारे 3 घनमीटर, आणि पाणी अगदी माथ्याला टेकेपर्यंत, म्हणजे 1.2 मीटर खोल, चढलं तर सुमारे 11 घनमीटर. आता येणारं पाणी बघा. पाणलोट क्षेत्र 1 चौरस किलोमीटर असेल, पाऊस तासाला 50 मिलिमीटर दराने पडत असेल आणि त्यातला निम्मा वाहून येत असेल, तर ओढ्याला सेकंदाला साधारण 7 घनमीटर येतात. ते सांडव्यावरून जायला उंबरठ्यावर सुमारे 88 सेंटीमीटर खोली लागते. माथा उरला 30 सेंटीमीटरवर. वाऱ्याच्या लाटांनाही तेवढी जागा लागते, म्हणजे आत्ताच काठावरचं प्रकरण आहे. आणि हे सांडवा स्वच्छ असताना.

आता त्या जाळीवर पहिल्याच पुरात पालापाचोळा, फांद्या, शेवाळ अडकतं. अर्धी जाळी तुंबली की तेच 7 घनमीटर जायला सुमारे 1.4 मीटर खोली हवी. तुमच्याकडे 1.2 आहे. म्हणजे बाकी धरण कितीही उत्तम असलं तरी ते या पावसात माथ्यावरून वाहणार. तलावात थोडं पाणी सामावतं आणि पुराचा शेंडा किंचित बोथट होतो हे खरं, पण एवढ्या लहान तलावात हा दिलासा तासाभराचाही नसतो. शिवाय लहान पाणलोटात पूर लवकर चढतो, आणि कमी वेळाचा पाऊस जास्त तीव्र असतो.

ही काल्पनिक भीती नाही. अमेरिकेतल्या जॉन्सटाउन शहराच्या वर साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण एका खासगी मच्छीमारी-शिकार क्लबच्या मालकीचं होतं. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच काढून टाकलेले होते, माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली आणला होता, आणि सांडव्यावर मासे अडवायच्या जाळ्या होत्या. 31 मे 1889 ला मोठ्या पावसात जाळ्या तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. 2,209 माणसं गेली. ते धरण तुमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, पण जाळीचं काम तेच.

जाळी आज काढा. मासे राखायचे असतील तर उंबरठ्यापासून बरंच आत, तलावात, लांबलचक तरंगता अडसर लावता येतो, ज्याच्याखालून आणि वरूनही पाणी जातं. तरी पावसाळ्यात तोही काढून ठेवावा, असं माझं मत.

त्यानंतर माथ्याची पातळी तपासा. 90 मीटर लांबीवर दर पाच मीटरला लेव्हल घ्या. यंत्र नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालेल. मातीचा भराव वर्षानुवर्षं बसत जातो, आणि तोही मध्ये सर्वांत जास्त, कारण उंची तिथेच सर्वांत जास्त. त्यात गुरांची पायवाट, गाडीची चाकोरी. कागदावर 1.2 मीटर असलेली मोकळी उंची मधल्या एका जागी 80 सेंटीमीटर निघू शकते, आणि धरणाची खरी मोकळी उंची म्हणजे ती जागा. पूर सरासरी माथा शोधत नाही. एकदा त्या खोलगट भागातून धार सुरू झाली की ती कोरड्या उतारावर घळ पाडते, घळ वर वर सरकत माथा खाते, आणि पाण्याच्या बाजूला पोचली की पुढचं थांबवता येत नाही. दाट, आखूड गवत थोडा वेळ टिकतं. झाडाच्या बुंध्याभोवती, दगडाभोवती, पायवाटेवर ते लगेच सुटतं.

सांडव्याच्या पुढच्या वाटेकडेही बघा. सांडव्यातून गेलेलं पाणी वळून धरणाच्याच पायथ्याला घासत असेल, तर रुंद सांडवा करूनही पायथा पोखरला जाईल. तुमचा सांडवा मातीत खोदलेला असल्याने त्याच्या शेवटाकडे उभा कडा तयार झालाय का, तेही पाहा. तो कडा दर पुरात मागे सरकत उंबरठ्यापर्यंत येतो.

आता नळ. माझ्या कामात जुन्या खासगी धरणांत सर्वांत जास्त डोकेदुखी याच गोष्टीची होते. भराव करताना रोलर नळाच्या कडेला आणि बुडाखाली पोचत नाही, म्हणून तिथली माती ढिली राहते. पाणी ढिल्या मातीतून नळाच्या बाहेरच्या अंगाने वाट काढतं. दुसरं म्हणजे झडप खालच्या टोकाला असणं. याचा अर्थ धरणाच्या पोटातला संपूर्ण नळ बारा महिने पाण्याच्या दाबाखाली आहे. नळ गंजून भोक पडलं किंवा सांधा सुटला की दाबाचं पाणी थेट भरावात घुसतं. झडप वरच्या, पाण्याकडच्या टोकाला असती तर बंद असताना नळ रिकामा राहिला असता.

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात लॉन लेक नावाचं असंच एक खासगी मातीचं धरण होतं. 1903 सालचं, उंची जेमतेम 8 मीटर. 15 जुलै 1982 च्या पहाटे ते फुटलं. नळ आणि झडप यांच्या सांध्यातलं शिशाचं भरण झिजलं होतं. तिथून गळणाऱ्या पाण्याने आतली माती खात खात बोगदा केला. सुमारे 8.3 लाख घनमीटर पाणी खाली गेलं, तीन जण मृत्युमुखी पडले. धरण डोंगरात, एका बाजूला होतं आणि सांधा पोटात, दिसणार कुणाला? आपल्याकडे 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तिथेही भराव खचला तो पाणी सोडण्याच्या मोरीवरचाच. ते धरण प्रचंड आणि अपूर्ण होतं, तुमच्याशी तुलना नाही. पण भरावातून आरपार जाणारी कोणतीही वस्तू ही कमकुवत जागा असते, हा नियम आकार बघत नाही.

तुम्ही काय बघायचं? नळाच्या बाहेरच्या टोकाला, नळाच्या आतून नव्हे तर भोवतीच्या मातीतून पाणी येतंय का. नळाची रेष मनात धरून तिच्या वरच्या बाजूला उतारावर आणि माथ्यावर खड्डा, बशीसारखा खोलगटपणा किंवा भेग दिसते का. यातलं काही असेल तर थांबू नका, पाणी पातळी कमी करायच्या मागे लागा. आणि ती अडकलेली झडप तलाव भरलेला असताना पाना लावून, हातोडीने ठोकून उघडायला जाऊ नका. तुटली तर बंद करायला दुसरं काही नाही, आणि गंजलेल्या नळातून एकदम जोराचा प्रवाह सुरू झाला तर आतली भोकं मोठी होतील.

पातळी कमी करायची तर माथ्यावरून वक्रनळी (सायफन) टाका. तिच्या वरच्या वळणाची उंची तलावाच्या पाण्यापासून पाच-सहा मीटरच्या आत असावी लागते. तुमच्याकडे पाणी काही मीटर उतरलं तरी ती अट पाळली जाईल. वक्रनळीने सेकंदाला 40 लिटर निघाले तर दिवसाला सुमारे 3,450 घनमीटर होतात, म्हणजे भरलेला तलाव रिकामा व्हायला दोन आठवडे. हा वेग बराही आहे. पाण्याकडचा उतार वर्षानुवर्षं भिजलेला आहे. समोरचं पाणी झपाट्याने काढून घेतलं तर आतल्या पाण्याचा दाब तसाच राहतो, बाहेरचा आधार मात्र जातो, आणि उतार तलावाकडे घसरतो. म्हणून नेहमीच्या वेळी दिवसाला 15 ते 30 सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरवू नये. आणीबाणीत हा नियम मोडावा लागतो. उतार घसरणं हे धरण फुटण्यापेक्षा परवडलं.

दुरुस्तीत जुना नळ ठेवायचा, आतून अस्तर करायचा, की सिमेंटचं पातळ मिश्रण भरून कायमचा बंद करून वक्रनळीवर भागवायचं, हे आतून कॅमेरा फिरवल्यावर ठरेल. माझा कल लहान धरणात नळ बंद करण्याकडे असतो. ठेवला तर बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात नळाभोवती योग्य प्रतीच्या वाळूचा गाळणथर घालून पाणी सुरक्षित बाहेर काढलं पाहिजे. पूर्वी नळाभोवती काँक्रीटच्या कॉलर, म्हणजे नळाला वेढणाऱ्या आडव्या भिंती, बांधायचे, अजूनही काही जण सुचवतात. पाण्याची वाट लांबवायची, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात कॉलरमुळे आजूबाजूची दबाई आणखी बिघडते. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1980 च्या दशकातच कॉलर सोडून वाळूचे थर घालायला सुरुवात केली.

आता तुमची ओल. प्रत्येक मातीचं धरण पाझरतं. पाणी आत शिरतं, संथपणे भरावातून उतरत जातं आणि पायथ्याशी कुठेतरी डोकावतं. चांगल्या धरणात त्यासाठी वाळू-खडीची चर आधीच ठेवलेली असते. तुमच्याकडे बहुधा नाही, म्हणून ते गवतात दिसतंय. पाझर आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो किती आहे, वाढतोय का आणि सोबत माती आणतोय का, एवढं मला कळलं पाहिजे.

मोजायची सोपी तऱ्हा: ओलीच्या खालच्या अंगाला लहानशी चर काढून पाणी एका जागी गोळा करा आणि पत्र्यात काटकोनी त्रिकोणी खाच कापून तो प्रवाहाला आडवा, उभा करून बसवा. खाचेत पाणी 5 सेंटीमीटर उंच असेल तर सेकंदाला सुमारे 0.8 लिटर, 10 सेंटीमीटर असेल तर सुमारे 4.4 लिटर. पाणी त्याहून कमी असेल तर बादली आणि घड्याळ पुरे. चर खणताना पायथ्याला हात लावू नका, बाजूला राहा. दर आठवड्याला तीन आकडे वहीत लिहा: तलावाची पातळी, पाझर, आणि मागच्या आठवड्यात पाऊस झाला का. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाशी गाळ बसलाय का बघा. तांबूस, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर तो बहुधा लोहाचा असतो, माती नव्हे.

पातळी चढली की पाझर वाढतो आणि उतरली की घटतो, पाणी स्वच्छ, असं वर्षभर दिसलं तर मी त्या ओलीबरोबर शांतपणे जगेन. पातळी तीच असताना पाझर वाढला तर अर्थ वेगळा. पाणी गढूळ आलं, किंवा जमिनीतून उकळी फुटल्यासारखं वर येऊन भोवती वाळूचं वर्तुळ टाकू लागलं, तर ती आतून झीज सुरू झाल्याची खूण आहे. पाझर एकाएकी थांबला तरीही आनंद मानू नका. आत काहीतरी कोसळून वाट बंद झाली असेल आणि पाणी दुसरी वाट शोधत असेल.

मग त्यावर सिमेंट किंवा चिकणमाती? अजिबात नको. पाणी बाहेर यायची जागा बंद केली तर मागे दाब वाढतो, कोरडा उतार वरपर्यंत भिजतो आणि मऊ होतो, आणि पाणी अधिक वरून, अधिक वाईट जागी फुटतं. पाणी अडवायचं ते आत शिरण्याच्या बाजूला. बाहेर पडण्याच्या बाजूला ते जाऊ द्यायचं, फक्त माती रोखायची. त्यासाठी ओलीवर आधी स्वच्छ, काँक्रीटच्या कामाची वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड. बहुतेक मातींना तशी वाळू गाळणथर म्हणून चालते, पण नक्की प्रत मातीची चाळणी-परीक्षा करूनच ठरवावी. उकळी फुटली असेल तेव्हाचा तातडीचा उपायही हाच.

भरावाच्या मातीची एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. ओलसर मातीचा हरभऱ्याएवढा खडा शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा आणि हलवू नका. खडा नुसता विस्कटून तळाशी ढीग झाला तर ठीक. भोवती दुधासारखा ढग पसरून पाणी गढूळ राहिलं तर माती पाण्यात आपोआप सुटणाऱ्या जातीची आहे. अशी माती बारीकशा भेगेतूनही वाहून जाते. असं निघालं तर माझं वरचं सगळं शांत बोलणं मागे घ्या आणि प्रयोगशाळेत नमुना पाठवा.

वेळेचा अंदाज यावा म्हणून: अमेरिकेतलं टेटन धरण 5 जून 1976 ला फुटलं. ते 90 मीटरहून उंच, नामांकित सरकारी अभियंत्यांनी बांधलेलं, पहिल्यांदाच भरत होतं. सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या आधी धरण गेलं होतं. आतून होणारी झीज वर्षानुवर्षं शांत असते आणि शेवटी काही तासांत उरकते. अशा प्रकारे फुटणारी बहुतेक धरणं पहिल्या भरण्यात किंवा पहिल्या पाच वर्षांत जातात. तुमचं त्यातून पार पडलंय, ही जमेची बाजू. पण पाणी पूर्वी कधी न चढलेल्या पातळीला गेलं, तर त्या वरच्या मातीसाठी ते पहिलंच भरणं असतं. उंची वाढवताना हे लक्षात ठेवावं लागतं.

झाडांबद्दल थोडक्यात. जिवंत मुळांपेक्षा मेलेली मुळं वाईट, कारण ती कुजून भरावात आरपार पोकळ्या होतात. वादळात झाड उन्मळलं तर मुळांबरोबर उताराचा मोठा लचका निघतो. मनगटाहून बारीक झुडपं कापून टाका. मोठी झाडं उत्साहात तोडू नका आणि तलाव भरलेला असताना बुंधे तर मुळीच उपटू नका. पातळी उतरवून, बुंधा मुळांसकट काढून, खड्डा पायऱ्या करत मोठा करून, पातळ थरांत दाबून भरायचा, असं ते काम आहे. तोडून सोडून दिलं तर पुढच्या काही वर्षांत पोकळ्यांची सोय तुम्हीच केलीत. उंदीर, घुशी, खेकडे यांच्या बिळांचंही तेच. 2019 मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि त्यावर महाराष्ट्र पोटभर हसला. बिळं भराव कमकुवत करतात यात खोटं काही नाही. पण ती दिसावीत म्हणून गवत आखूड ठेवणं आणि वेळेत बुजवणं हे काम माणसाचं आहे, खेकड्यावर ढकलता येत नाही.

आता ज्या घरांचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, त्यांच्याबद्दल. धरणाची धोक्याची श्रेणी त्याच्या उंचीवर किंवा तब्येतीवर ठरत नाही, खाली कोण राहतं यावर ठरते. तुमच्या आकाराचं धरण फुटलं तर प्रचलित ढोबळ सूत्रांनी शिखर प्रवाह सेकंदाला 100 घनमीटरच्या वर येतो. मघाच्या पुरातले 7 आठवा. तलाव अर्ध्या तासाच्या आत रिकामा होईल आणि एक किलोमीटरवरच्या लोकांना हाताशी मिनिटं मिळतील. धरणसुरक्षेचे कायदे बहुधा मोठ्या धरणांसाठी असतात. आपला 2021 चा कायदा 15 मीटरहून उंच आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू आहे. म्हणजे तुमच्या धरणाकडे तपासायला कुणी येणार नाही. जबाबदारी मात्र जात नाही. 1868 चा इंग्लंडमधला रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा प्रसिद्ध खटला अशाच एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचा होता. पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई त्याच्यावर आली. त्या घरांचे फोन नंबर आजच घ्या आणि रात्री कुणी कुणाला फोन करायचा ते ठरवा. गढूळ पाझर, नवा खड्डा, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग किंवा माथ्याच्या जवळ येणारं पाणी, यातलं काहीही दिसलं की आधी फोन, मग वाळूची पोती. आणि पाणी काढायला म्हणून भराव कधीही कापू नका. वेळच आली तर सांडव्याच्या बाजूच्या मूळ, न हलवलेल्या जमिनीतून वाट काढावी.

म्हणजे कामांचा क्रम असा धरा: जाळी आज, माथ्याची लेव्हल आणि पाझराची वही या आठवड्यात, पातळी उतरवून नळाची तपासणी पावसाळ्याआधी, सांडवा रुंद करणं त्याच हंगामात, झाडं त्यानंतर.

राहिला उंची वाढवण्याचा विचार. बरेच मालक स्वस्त मार्ग म्हणून सांडव्याचा उंबरठाच अर्ध्या मीटरने चढवतात, फळ्या लावतात किंवा पोती रचतात. तुमच्या मापांत तसं केलं तर माथ्याला टेकेपर्यंतची क्षमता सेकंदाला 11 घनमीटरवरून 5 वर येते. मघाचा साधा पूरही मग माथ्यावरून जाईल. नुसत्या माथ्यावर मीटरभर माती टाकली तर उतार उभे होतात, माथा अरुंद होतो आणि जुन्या-नव्या मातीच्या सांध्यात पाणी वाट काढतं. योग्य पद्धतीने, म्हणजे उतार तेच ठेवून 7 मीटर करायचं, तर तळ साडेचार मीटरने रुंदावतो आणि भरावाचा छेद सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तो वाढवायचा कोरड्या बाजूने, जिथे तुमची ओल आणि झाडं आहेत. म्हणजे आधी ती जागा खरवडून निचऱ्याचा थर घालावा लागेल, मग पंधरा-वीस सेंटीमीटरच्या थरांत, योग्य ओलाव्यावर दाबत वर यावं लागेल, आणि नळही लांबवावा लागेल. नळाची अवस्था माहीत नसताना मी हे काम हातात घेणार नाही.

पाणी वाढवायचंच असेल तर आधी गाळ काढण्याचा विचार करा. जुन्या तलावात साठ्याचा बराच भाग गाळाने खाल्लेला असतो. पण यंत्रवाल्याला मोकळं सोडू नका. पाण्याकडच्या पायथ्यापासून निदान धरणाच्या उंचीच्या चार-पाच पट अंतर सोडून खोदायचं, आणि गाळाखाली मूळ चिकणमाती लागली की थांबायचं. तो थर फोडून खालच्या वाळूत गेलात तर तलाव तळातूनच गळू लागेल, आणि ते पाणी बहुधा तुमच्या त्या ओलीच्या जागीच बाहेर येईल. कडेने हाताने चार-सहा खड्डे घेऊन गाळाची जाडी आधी बघा, त्यावर यंत्राची खोली ठरवा.